कारखान्याच्या रुळाविषयी काही दुरुस्त्या

मु. सोनारमळा, पो. पलूस,
ता. तासगाव, जि. सांगली
सोमवार, दि. २ सप्टेंबर १९७४

राजश्री लालासाहेब यांना सप्रेम नमस्कार.

इकडे सर्व क्षेम आहे, असे पत्राच्या आरंभी लिहिण्याची रीत आहे. त्यातील 'सर्व' हा शब्द या खेपेस मी जाणीवपूर्वक वगळतो; उरलेले वाक्य खरे आहे. तुमचा डावा गुडघा कसा आहे? रेल्वेच्या नोकरीत तीस वर्षे रुळांवरून चालून मिळवलेल्या दुखण्याला साताऱ्याचे चढ-उतार मानवणार नाहीत, हे तुम्ही तेथे घर बांधलेत तेव्हाच मी सांगितले होते. (तुम्ही ऐकले नाही. मेहुण्याचा सल्ला न ऐकण्याची आपल्या दोन्ही घरांत परंपरा आहे, हे पुढे दिसून येईलच.) सौ. शालूबाईंना आशीर्वाद. तुमच्या भगिनी चंद्राबाई यांची प्रकृती उत्तम आहे. गेले बारा दिवस त्या माझ्याशी आवश्यक तेवढेच बोलतात; म्हणजे पाणी तापले, ताट वाढले, आणि छत्री विसरू नका, एवढेच. घरात त्यामुळे शांतता आहे. अशी शांतता मी एकतीस वर्षांच्या मुख्याध्यापकीत कोणत्याही वर्गात निर्माण करू शकलो नाही.

आता मूळ विषय. माझा भाचा चि. धनाजी, जो आमच्या सहकारी साखर कारखान्यात ओव्हरसीअर आहे, त्याने तुम्हाला २५ ऑगस्टला रूळप्रकरणाचा वृत्तांत कळवला. तुम्ही ते पत्र मला धाडून समासात 'दाजी, यात खरे किती?' एवढाच प्रश्न विचारला आहे. प्रश्न थोडक्यात आहे, उत्तर तसे देता येणार नाही. धनाजीच्या पत्रात एकंदर नऊ चुका आहेत. रुळांची निवड मंगळवारी झाली, असे तो लिहितो. ती सोमवारी झाली. नमुन्याच्या रुळांवर हातोडीने तीन-तीन ठोके मारले, असे तो लिहितो. ठोके दोन-दोनच होते आणि ते घणाने मारले. मालडब्याला बैलांच्या पंधरा जोड्या जुंपल्या, असे तो लिहितो. जोड्या बारा होत्या, मी स्वतः मोजल्या. डबा उलटला, हे तर साफ अतिशयोक्त आहे. डबा कलला. लग्नाच्या पंगतीत एखादा वयस्क पाहुणा शेजाऱ्याच्या खांद्यावर जसा हळूहळू कलतो, तितपतच. उरलेल्या पाच चुकांपैकी चार किरकोळ आहेत. पाचवीचा विचार शेवटी करू.

धनाजीला संचालक मंडळाची नोटीस आली आहे, हे मात्र त्याने अचूक लिहिले आहे. चुकीच्या रुळांची खरेदी कशी झाली याचा खुलासा त्याने १५ तारखेच्या वार्षिक सभेपुढे करावा, आणि तो समाधानकारक नसल्यास त्याला नोकरीवरून कमी करण्यात यावे, असा ठराव येणार आहे. खरेदीच्या कागदांवर रूळ निवड उपसमितीचा चिटणीस या नात्याने त्याची सही आहे. उपसमितीचा अध्यक्ष मी होतो. परंतु अध्यक्षाने खरेदीच्या कागदांवर सही करावयाची नसते. (हा नियमही मीच घालून दिला होता.)

मी अध्यक्ष कसा झालो, हे तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो. कारखान्यापासून स्टेशनपर्यंत सव्वा किलोमीटरचा स्वतःचा रूळमार्ग टाकावयाचा, बाहेरून कोळसा आणि खत आत आणावयाचे, साखर आणि मळी बाहेर धाडावयाची, आणि वर्षाला पाऊण लाख टन माल त्यावरून न्यावयाचा, असे मंडळाने गेल्या वर्षी ठरवले. एवढा भार वाहणारा रूळ निवडणार कोण, असा प्रश्न निघाला. तेव्हा एक संचालक उठून म्हणाले की, गुरुजींच्या शाळेत एकतीस वर्षे घंटेऐवजी रुळाचा तुकडा टांगलेला होता, तेव्हा गावात रुळाची माहिती गुरुजींइतकी कोणाला असणार? टाळ्या पडल्या. मी उठून नम्रपणे नकार देणार होतो. परंतु टाळ्या थांबेपर्यंत मी त्या संचालकांच्या म्हणण्याचा विचार केला, आणि मला ते पटले.

उपसमितीत आम्ही चौघे होतो. मी; चिटणीस म्हणून धनाजी; फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार नाथाजी; आणि जोतिबा, ज्याने आजवर दीडशे बैल विकत घेतले आणि एकही परत केला नाही. निरनिराळ्या व्यापाऱ्यांकडून रुळांचे तीन नमुने आले, प्रत्येकी हातभर लांब. पहिला साठ पौंडी, म्हणजे एका यार्डाचे वजन साठ पौंड. आपल्याकडची जुनी छोटी लाईन उखडली तेव्हा निघालेला. दुसरा नव्वद पौंडी, तोही वापरलेला. तिसरा कोरा करकरीत, एका मीटरला बावन्न किलो भरणारा. जोतिबाने तिन्हींची नावे ऐकताच निकाल दिला. म्हणाला, "गुरुजी, नव्वद आन् बावन्न, ह्यात थोरलं कोण ह्ये शाळंचं तोंड न बघितल्यालाबी कळतंय." मी फळा मागवला. पौंड आणि यार्ड, किलो आणि मीटर यांचा संबंध समजावून देऊन साठ म्हणजे तीस किलो, नव्वद म्हणजे पंचेचाळीस, आणि म्हणून बावन्न हाच सर्वांत वजनदार, हे मी पाऊण तासात सिद्ध केले. (हे गणित बिनचूक होते. याचा उल्लेख धनाजीच्या पत्रात कोठेही नाही.) सुभेदार नाथाजींनी फळ्याकडे न बघता सांगितले, "लोड हेवी तर रूळ हेवी. ह्यात इचार कसला करायचा?" हे विधान मी इतिवृत्तात 'कारणे न देता केलेले' अशा शेऱ्यासह नोंदवले. ते बरोबर होते, ही गोष्ट मला त्या वेळी गौण वाटली.

जोतिबाची परीक्षा आपल्या भागाच्या शास्त्राप्रमाणे चालली. त्याने प्रत्येक तुकड्याच्या पाठीवरून तळवा फिरवला, एक डोळा मिटून टोकाकडून टोकाकडे पाहिले, बगलेतला गंज नखाने खरवडला, आणि दोन पावले मागे जाऊन पुन्हा पाहिले. दात पाहण्याची सोय नसल्यामुळे तो थोडा बेचैन होता. शेवटी त्याने एकच अट घातली: रूळ दोन घ्यायचे असल्यामुळे ते जोडीचे असावेत, डाव्या-उजव्याच्या उंचीत केसाचाही फरक चालणार नाही. ही अट सर्वानुमते मान्य झाली. एवढे होऊनही निवड होईना, तेव्हा अध्यक्षाने मार्ग काढावा, असे ठरले.

लालासाहेब, आपल्याकडे माणूस वस्तू कशी पारखतो, याचा तुम्ही रेल्वेत राहून विसर पाडून घेतला असल्यास आठवण करून देतो. मातीची घागर टिचकी मारून घेतात. नारळ कानाशी हलवून घेतात. गुळाच्या ढेपेवर बोटाची पेरे वाजवून भाव ठरतो. मग रूळच मुका का घ्यावा? मी तिन्ही तुकडे विश्रामगृहापुढच्या लिंबाला टांगायला लावले आणि आमच्या शाळेचा निवृत्त शिपाई धोंडिराम याला बोलावून घेतले, कारण रुळावर ठोका कसा मारावा हे पंचक्रोशीत त्यालाच ठाऊक आहे. पहिल्या, साठ पौंडी तुकड्यावर त्याने घण मारला मात्र, आवाज थेट नदीपर्यंत गेला असावा. मळीच्या टाकीवरची माणसे काम टाकून भाकरीला निघाली. धोंडिराम घण खाली ठेवून उभा राहिला. म्हणाला, "ह्योच त्यो, गुरुजी. आपल्या शाळंचा." त्याच्या डोळ्यांत पाणी होते. माझ्या डोळ्यांविषयी धनाजीने जे लिहिले आहे, ते त्या किरकोळ चार चुकांपैकी एक समजावे.

नव्वद पौंडी बद्द वाजला. बावन्न किलोचा तुकडा दुसऱ्या ठोक्याला दोर तुटून खाली आला. (दोष दोराचा होता, तो विहिरीचा जुना दोर होता. परंतु 'परीक्षेत टिकला नाही' अशी नोंद रुळाच्या नावापुढे झाली, आणि ती माझ्या हस्ताक्षरात आहे.) त्यानंतर मी उपसमितीपुढे भाषण केले. शाळेच्या रुळावर रोज सरासरी एकवीस ठोके पडले, वर्षाला शाळेचे दोनशे वीस दिवस, एकतीस वर्षे. म्हणजे एक लाख त्रेचाळीस हजार दोनशे वीस ठोके. एवढ्या माराने ज्याला साधी चीर गेली नाही, तो रूळ कोळशाच्या डब्यांना भिईल काय? सुभेदारांनी टोपी घातली आणि ते निघाले. जोतिबा म्हणाला की, जनावर ओळखीचे असलेले केव्हाही चांगले. साठ पौंडी रुळाची निवड झाली. चार वाजून दहा मिनिटांनी मी सभा संपल्याचे जाहीर केले.

त्यानंतर चहा आला. चहा पिताना धनाजी म्हणाला, "मामा, शाळंचा रूळ टांगलेला हुता. त्याच्यावर कवा काय बसलं न्हवतं. ह्यो मातीत आडवा पडणार हाय, आन् चाकांच्या एकेका जोडीचं सोळा टन त्याच्यावर बसणार हाय. तुमचं ठोकं कशाला मोजायचं?" मी त्याला सांगितले की, सभा संपल्यानंतर केलेले वक्तव्य इतिवृत्तात घेता येत नाही. त्याने बशीतला चहा कपात परत ओतला आणि तसाच उठून गेला. इतिवृत्तात 'निवड एकमताने' असे लिहिले गेले. त्यात एकाही अक्षराची चूक नाही. आज मंडळापुढे हेच इतिवृत्त आहे, आणि चिटणिसाने हरकत घेतल्याचा पुरावा कोठे आहे, असे ते त्याला विचारत आहेत.

पुढची हकिगत धनाजीने बरीचशी खरी लिहिली आहे. मे महिन्यातल्या रेल्वेच्या संपामुळे माल उशिरा आला, जूनमध्ये मार्ग टाकला, आणि तो आपल्या काळ्या जमिनीत, पावसाच्या तोंडावर टाकला. रेल्वेचे अधिकारी तपासणीस येण्यापूर्वी घरच्या घरी चाचणी घ्यावी, ही कल्पना जोतिबाची. बैल घेताना तो गाडीला जुंपून, भार भरून चालवून पाहतात. तसाच रूळ पाहावा, असे त्याचे म्हणणे. स्टेशनातून एक चार चाकी मालडबा उसना मिळाला. तो चाळीस माणसांनी हातांनी ढकलून आमच्या मार्गावर आणला. त्यात गेल्या हंगामातली भिजून पिवळी पडलेली साखर, दोनशे पोती, भरली. पुढे बारा जोड्या. बेंदूर होऊन पंधरवडा लोटला होता तरी शिंगांचा रंग उतरला नव्हता. कोणीतरी हलगी आणली होती, कोणीतरी गुलाल. मी वहीसह कडेला उभा होतो.

डबा चालला. सरळ भागात तो इतका सुरेख चालला की, मी वहीत 'समाधानकारक' हा शब्द लिहून टाकला. (तो अजून तेथे आहे. मी शाईने लिहितो.) मग वजनकाट्याजवळचे वळण आले. तेथे बाहेरच्या अंगाचा रूळ आधी थोडा दबला, मग बाहेर झुकला, आणि मग ज्याला नम्रता म्हणतात तिच्या सर्व मर्यादा ओलांडून वाकला. आवाज असा झाला नाहीच. ज्याची निवड आवाजावर झाली, तो रूळ ऐन वेळी एक शब्द बोलला नाही. डबा जोतिबाच्या उसात कलला आणि चाके आसापर्यंत चिखलात गेली. हलगी थांबली. भार एकाएकी थांबल्यावर बैलांनी मागे वळून पाहिले, ते मी विसरणार नाही. कोणालाही इजा झाली नाही. जोतिबा उसात शिरून डब्याभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "डबा खोडीचा न्हाई, गुरुजी. रूळच पाय टाकतुया." आयुष्यात प्रथमच त्याला जनावर परत करावेसे वाटत होते, आणि परत घेणारा व्यापारी मिळत नव्हता.

डबा अद्याप तेथेच आहे. पोती काढली, परंतु साखर पुष्कळ सांडली होती, आणि दुसऱ्याच दिवशी तालुक्यातल्या मुंग्या तेथे वस्तीला आल्या. जोतिबाची बायको साळूबाई रोज कुंपणापाशी येऊन, आमच्या उसातले ते घर कधी हलवणार, असे मला विचारते. स्टेशनातून डबा परत करण्याविषयी चार पत्रे आली आहेत. सांगण्याचा मुद्दा असा की, गळीत हंगाम तोंडावर आला आहे, योग्य रूळ आता मागवले नाहीत तर हे वर्षही मालमोटारींवर काढावे लागेल, आणि योग्य रूळ कोणते हे सभेला सांगू शकेल असा एकमेव माणूस, जो नोटीस मिळालेला ओव्हरसीअर आहे, तो पंधरा तारखेनंतर येथे राहील की नाही, हे सांगता येत नाही.

येणेप्रमाणे धनाजीच्या पत्रातील चुका दुरुस्त केल्या आहेत. गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांधावा. पत्रोत्तराची वाट पाहणे माझ्या स्वभावात नाही. परंतु टपाल साडेअकराला येते, एवढे सांगून ठेवतो.

तुमचे दाजी,
सयाजी

ता. क. — वर एक गोष्ट लिहावयाची राहिली, आणि खरे सांगावयाचे तर तिच्यासाठीच हे पत्र लिहावयास घेतले होते. रेल्वेच्या मार्गावर तीस वर्षे काढलेले अधिकारी म्हणून तुमच्या शब्दाला आमच्या सभेत मान आहे. तरी तुम्ही एक पत्र सभेच्या नावे लिहावे. त्यात असे असावे की, फेब्रुवारी महिन्यात उपलब्ध असलेल्या माहितीवरून काळी जमीन आणि वळण या ठिकाणी साठ पौंडी रूळ दगा देईल, हे मोठ्या जाणकारालाही सांगता आले नसते. त्यावर चालू तारीख घालावी. म्हणजे दोष कोणाकडेच जाणार नाही. धनाजी सुटेल, आणि उपसमितीच्या अध्यक्षांविषयीही गैरसमज होणार नाही. मजकूर मी तयार केला आहे. तुम्ही फक्त उतरून घ्यावा.

ता. क. दुसरा — पाकीट बंद करण्यापूर्वी पत्र घरात वाचून दाखवण्याची माझी पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या भगिनींनी सर्व ऐकले. पहिला ता. क. ऐकल्यावर त्या उठल्या आणि पंचांगातून एक पत्र काढून त्यांनी ते माझ्यापुढे ठेवले. ते तुमचे २८ जानेवारीचे पत्र. गणपतीचा दिवस पाहताना २१ ऑगस्टला ते त्यांना सापडले होते. बारा दिवसांच्या शांततेचे कारण तेच. आज त्या एवढेच म्हणाल्या, "लालानं कवाच सांगितलं हुतं. मोठ्यानं वाचा. सारं."

आता मला हे लिहिणे भाग आहे. ते पत्र मला वेळेवर मिळाले होते. त्याची पहिली ओळ अशी आहे: 'दाजी, हे तुमचं काम नव्हे.' मी तेवढी ओळ वाचली, पत्राची घडी घातली आणि ते पंचांगात ठेवले. अर्धवट वाचून उत्तर लिहिणाऱ्या मुलांना मी एकतीस वर्षे बाकावर उभे केले आहे. त्या ओळीच्या खाली तुम्ही काय लिहिले होते ते मी २१ ऑगस्टला, चंद्राबाईंनी पत्र पुढे केले तेव्हा वाचले, आणि पत्र पुन्हा पंचांगात ठेवले. रुळाचा आवाज कोणी सांगितला तरी ऐकू नका. तीन गोष्टी विचारा. चाकांच्या एका जोडीवर किती टन येणार, वर्षाला एकंदर किती टन जाणार, आणि खाली जमीन कसली. काळी जमीन असेल तर आधी मुरूम आणि खडी भरपूर घाला. सरळ भागात न झिजलेला नव्वद पौंडी चालेल, वळणावर बावन्न किलोचा नवाच घाला. साठ पौंडी फुकट मिळाला तरी नको. आणि शेवटी: 'धनाजीला विचारा, पोराला कळतंय.'

तेव्हा पहिला ता. क. रद्द समजावा. मी तो खोडत नाही, कारण खोडलेले पत्र पाठवणे मला आवडत नाही. आणि तुम्ही तो वाचावा हेही बरेच. धनाजीच्या पत्रातील पाचवी चूक ही: 'चूक माझी झाली, मीच जोर धरायला पाहिजे होता, मामांना बोल लावू नका,' असे त्याचे शेवटचे वाक्य आहे. हे वाक्य असत्य आहे. बाकीच्या आठ चुका मी तपासल्या त्या याच वाक्यापर्यंत पोचायला लागू नये म्हणून.

तुम्ही स्वतः यावे. सभेच्या आदल्या दिवशी, शनिवारी सायंकाळच्या गाडीला जोतिबा ट्रॅक्टर घेऊन स्टेशनवर येईल; पायरी उंच आहे, म्हणून पाट ठेवायला सांगतो. सभेत पत्र तुम्हीच वाचावे. मी वाचले तर लोकांना वाटेल की, मी मधले काही गाळले.

दिनांकांच्या दुरुस्त्या (धनाजीच्या, मंडळाच्या आणि माझ्या) पुढीलप्रमाणे:

२८ जानेवारी, सोमवार — तुमच्या पत्राचा दिनांक. (मंडळापुढील कागदांत 'तज्ज्ञांचा सल्ला मागवला नव्हता' असे आहे. मागवला नव्हता, हे खरे. आला होता.)

४ फेब्रुवारी, सोमवार — ते पत्र मला मिळाले. साडेअकराच्या टपालाने.

११ फेब्रुवारी, सोमवार — रुळाची निवड. मंगळवार नव्हे. मधे पूर्ण सात दिवस होते.

२० जुलै, शनिवार — चाचणी. मंडळाच्या टिपणात २१ आहे. २१ ला फक्त मुंग्या आल्या.

२० ऑगस्ट, मंगळवार — धनाजीला नोटीस.

२१ ऑगस्ट, बुधवार — तुमचे पत्र वाचले. ४ फेब्रुवारीला 'वाचले' अशी नोंद माझ्या टपालवहीत आहे. ती चुकीची आहे.

१५ सप्टेंबर, रविवार, सकाळी दहा — सभा. तुमचे पत्र पहिल्या ओळीसह वाचावे.

राहिलेली एक दुरुस्ती मी त्याच सभेत इतिवृत्ताला सुचवणार आहे. ११ फेब्रुवारीची सभा चार वाजून दहा मिनिटांनी संपल्याचे त्यात लिहिले आहे. ती त्या वेळी संपलेली नव्हती. चहा पिऊन झालेला नव्हता, आणि चिटणीस बोलत होते.